चाँदबिबीची तलवार आणि चाँदबिबीचा तह

अहमदनगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीनमजली अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. पंचक्रोशीत तिला 'चाँदबिबीचा महाल' म्हणतात. शाळांच्या सहली येतात, मुले धापा टाकत वर चढतात आणि गुरुजी सांगतात की, चाँदबिबीने हातात तलवार घेऊन मोगलांशी झुंज दिली आणि किल्ला राखला. वस्तुतः हा महाल नाही आणि तो चाँदबिबीचाही नाही. मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. वजिराच्या कबरीला लोकांनी राणीचे नाव दिले, यात लोकांचे तिच्यावरचे प्रेम दिसते. परंतु प्रेमापोटी इतिहासाचे काही कोपरे अंधारात राहतात, हेही खरे.

(2024 साली या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. हा लेख निजामशाहीच्या काळाविषयी असल्याने जुनेच नाव वापरले आहे.)

तलवारीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 1596 मध्ये मोगलांच्या सुरुंगाने तटाला मोठे खिंडार पडले, तेव्हा चाँद सुलताना बुरखा घेऊन, उपसलेली तलवार हाती धरून त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला. तोफगोळे संपले तेव्हा तिने सोन्याचांदीची नाणी तोफेत भरली, असेही लोक सांगतात. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याच मोगलांशी तह केला आणि त्यात वऱ्हाड प्रांत देऊन टाकला, हे क्वचित सांगितले जाते. आणि चार वर्षांनी तिचा खून झाला तो मोगलांच्या हातून नव्हे. तिच्याच किल्ल्यातल्या शिपायांनी, ती शत्रूशी बोलणी करते म्हणून तिला ठार मारले, हे सांगताना तर आपला आवाज खाली येतो.

या लेखात मला त्या खालच्या आवाजात सांगितल्या जाणाऱ्या भागाविषयी लिहायचे आहे. परकी फौज दुसऱ्याच्या मुलखात शिरते तेव्हा तिच्या पुढे कोण चालत असते? आणि ती परत फिरते तेव्हा तिला परतीची वाट कोण काढून देते? या दोन प्रश्नांची उत्तरे अहमदनगरच्या किल्ल्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी मिळतात.

लग्न हेही एक कलम

चाँदबिबी ही हुसेन निजामशाहाची मुलगी. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते, पण अहमदनगर आणि विजापूर यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. ते मिटवण्यासाठी दोन्ही दरबारांचे हेजीब, म्हणजे वकील, येजा करू लागले आणि तोडगा निघाला तो लग्नाचा. चाँदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि सोलापूर तिच्या आंदणात गेले. अलीची बहीण हदिया सुलताना चाँदच्या भावाला, मुर्तझाला दिली. यानंतर जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली. म्हणजे चाँदबिबी राजकारणात आली ती राणी म्हणून नव्हे, तर तहाचे एक कलम म्हणून. तेव्हा ती पंधरा वर्षांच्या आसपासची होती.

1580 मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला आणि गादीवर त्याचा लहान पुतण्या इब्राहिम बसला. त्याचा सांभाळ चाँदबिबीने केला. या काळात तिने एकामागून एक कारभाऱ्यांची बंडाळी पाहिली. किश्वरखान नावाच्या सरदाराने तर तिला सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. ती सुटून परत आली तोवर दख्खनी, हबशी आणि इराण-तुराणातून आलेले आफाकी या सरदारांच्या गटांनी दरबार कसा पोखरला जातो, याचे पुरते शिक्षण तिला मिळाले होते. पुढे 1584 च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचे लग्न अहमदनगरच्या शहजाद्याशी ठरले, तेव्हा चाँदबिबी वधूसोबत माहेरी आली. विजापूरचा तरुण सुलतान तिच्या मांडीवर वाढलेला आणि अहमदनगर तिच्या बापाचे, असे दोन्ही दरबारांशी नाते असलेली दुसरी व्यक्ती त्या वेळी दख्खनमध्ये नव्हती. पुढे हेच नाते किल्ल्याच्या कामी आले.

कवी वकील बनून येतो

माहेरची अवस्था वाईट होती. 1588 मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने मारले, पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला. मुर्तझाचा भाऊ बुऱ्हाण आधीच पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता. दरबारी आश्रयाला आलेला असा परागंदा शहजादा हा कोणत्याही सम्राटाच्या हातातला हुकमी पत्ता असतो. अकबराने बुऱ्हाणला गादी मिळवून देण्यासाठी फौज देऊ केली. फरिश्ता सांगतो की बुऱ्हाणने ती नाकारली. मोगल फौज सोबत दिसली तर दख्खनचे लोक बिथरतील, असे त्याचे म्हणणे होते. त्याने खानदेशचा राजा अलीखान फारुकी याचे साहाय्य घेतले, 1591 मध्ये रोहणखेडला विरोधकांचा पराभव केला आणि तो निजामशाहा झाला.

बुऱ्हाणला जे उमगले होते, ते पुढच्या अनेकांना उमगले नाही. परक्यांच्या फौजेने बसवलेला राजा आपल्या लोकांच्या नजरेत पहिल्याच दिवशी उतरलेला असतो.

परंतु अकबराचा हिशेब निराळा होता. आपल्या आश्रयाला राहिलेला माणूस गादीवर बसला म्हणजे त्याने आपले स्वामित्व मान्य करावे, अशी त्याची अपेक्षा होती. 1591 मध्ये त्याने दख्खनच्या दरबारांकडे वकील रवाना केले. खानदेश आणि अहमदनगरकडे आला तो अकबराच्या दरबारचा राजकवी, अबुल फझलचा थोरला भाऊ फैजी. फैजीने येथून बादशहाला पाठवलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत राज्यकर्त्यांचे स्वभाव आहेत, बंदरांवरून येणाऱ्या इराणच्या बातम्या आहेत आणि अहमदनगरात भेटलेल्या जुहुरी व मलिक कुम्मी या फारसी कवींची मनापासून केलेली तारीफही आहे. एका कवीने दुसऱ्या कवीला दिलेली ती दाद खरीच होती. पण तेच पत्र बादशहाला शेजारच्या राज्याची माहितीही पुरवत होते. वकिलाच्या लेखणीची ही दुहेरी धार ओळखायला हवी.

1593 मध्ये फैजी परत गेला. बुऱ्हाणने मांडलिकी पत्करली नाही, नजराणाही मनाजोगता पाठवला नाही. अकबराच्या दृष्टीने शिष्टाई फसली आणि दख्खनच्या मोहिमेची तयारी सुरू झाली. शिष्टाई फसल्यामुळे युद्ध आले, असे आपण सहज म्हणतो. परंतु 'मांडलिक हो, नाहीतर फौज येईल' एवढेच ज्या शिष्टाईत सांगायचे असते, ती युद्ध टाळण्यासाठी नसते. युद्धाला कारण मिळवण्यासाठी असते.

मियाँ मंजूचे पत्र

एप्रिल 1595 मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा मुलगा इब्राहिम चार महिन्यांत विजापूरशी झालेल्या लढाईत मारला गेला आणि अहमदनगरात एकाच वेळी चार गादीवाले उभे राहिले. दख्खनी सरदारांचा पुढारी मियाँ मंजू याने अहमद नावाच्या मुलाला राजवंशाचा म्हणून तख्तावर बसवले. इखलासखानाच्या हबशी गटाने बाजारातून दुसराच एक मुलगा आणला. अभंगखानाने पहिल्या बुऱ्हाणशाहाचा म्हातारा मुलगा पुढे केला. चाँदबिबीने मारल्या गेलेल्या इब्राहिमच्या तान्ह्या मुलाचा, बहादूरचा, हक्क धरून ठेवला.

हबश्यांनी किल्ल्याला गराडा घातला तेव्हा मियाँ मंजूचा धीर सुटला आणि त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, पत्र लिहिले: मदतीला या. मुरादची फौज याआधीच सज्ज होती. पत्र आले नसते तरी ती कधी ना कधी निघालीच असती. पण या पत्रामुळे चढाई करणारी फौज एका रात्रीत 'बोलावलेली फौज' झाली.

गंमत अशी, की पत्र गेल्यावर काही दिवसांतच हबशी गटात फूट पडली आणि मियाँ मंजूने त्यांचा पराभव केला. आता त्याला मोगलांची गरज राहिली नव्हती. पण पत्र मागे घेता येत नाही. डिसेंबर 1595 मध्ये मुराद, खानखाना अब्दुर्रहीम आणि राजा अलीखान हे अहमदनगरसमोर येऊन ठाकले. हा खानखाना म्हणजे ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले तोच रहीम. मियाँ मंजू पस्तावला आणि विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणतो असे सांगून आपल्या अहमदला घेऊन बाहेर पडला. किल्ल्यात चाँदबिबी उरली. तिने कारभार हाती घेतला आणि बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली.

अमानाचा कौल आणि लूट

मोगलांनी आल्या आल्या शहराला अमान दिली: रयतेच्या केसालाही धक्का लागणार नाही, दुकाने उघडी ठेवा. लोकांनी विश्वास ठेवला. इतक्यात शहाबाजखान नावाच्या मोगल सरदाराच्या लोकांनी शहरात लूट केली. बारा इमामांच्या नावाने चालणारा लंगरही त्यांनी सोडला नाही. मुरादने लुटारूंना शिक्षा केल्या, परंतु व्हायचे ते होऊन गेले होते. लोक घरेदारे टाकून निघून गेले. परक्या फौजेने दिलेला शब्द तिच्या शेवटच्या शिपायाइतकाच भरवशाचा असतो. वरच्या तंबूत कौल लिहिला जातो आणि खालच्या गल्लीत तो मोडला जातो. रयत लक्षात ठेवते ती गल्ली.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. वेढा घालणारे मुसलमान होते आणि वेढ्यात सापडलेलेही मुसलमान होते. लुटणारा आणि लुटला जाणारा एकच कलमा म्हणत होता. दोन्हीकडच्या फौजांत हिंदू सरदार आणि शिपाईही होते. मध्ययुगीन इतिहास म्हणजे दोन धर्मांची लढाई, असे ज्यांना सिद्ध करायचे असते, ते म्हणूनच या वेढ्याकडे वळत नाहीत. आणि ज्यांना वाटते की एक धर्म असला म्हणजे एक राजकारण होते, त्यांनीही येथे येऊन एकदा हा तट पाहावा.

तह: काय दिले, काय राखले

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले होते. त्यांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसाने रात्री ही बातमी किल्ल्यात पोचवली. किल्ल्यातल्यांनी दोन सुरुंग निकामी केले, तिसऱ्यावर काम चालू असतानाच स्फोट झाला. यानंतरची गोष्ट आपण ऐकलेली आहे.

पण खिंडारात उभी असताना चाँदबिबीच्या दोन गोष्टी बाहेर चालू होत्या. एक म्हणजे तिने विजापूरला पाठवलेले निरोप. तिने वाढवलेल्या इब्राहिम आदिलशाहाने सुहेलखानाच्या हाताखाली मोठी फौज रवाना केली होती, गोवळकोंड्याची कुमकही तिला येऊन मिळाली आणि ही फौज नळदुर्गकडून येत होती. दुसरी म्हणजे मोगल छावणीची नीट घेतलेली माहिती. मुराद आणि खानखाना यांचे पटत नव्हते, दाणागोटा संपत आला होता. किल्ला लवकर पडणार नाही हे मोगलांना दिसले होते, आणि किल्ल्यातला दारूगोळा-धान्य फार दिवस पुरणार नाही हे चाँदबिबीला माहीत होते.

दोन्ही बाजूंना आपली अडचण कळते आणि समोरच्याची अडचणही कळते, तेव्हाच तह होतो. मुरादने बोलणी सुरू केली. चाँदबिबीने आधी नकार दिला, मग मान्य केले. वऱ्हाड मोगलांकडे गेले. बहादूर हा निजामशाहा म्हणून मान्य झाला, मात्र अकबराचे वर्चस्व स्वीकारून. आणि मोगल फौज वेढा उठवून निघून गेली.

वऱ्हाड तिने का दिले? कारण तो प्रांत 1574 मध्ये, तिच्या भावाच्या कारकिर्दीत, इमादशाही बुडवून निजामशाहीने मिळवला होता. बावीस वर्षांपूर्वी जोडलेला मुलूख देऊन तिने शंभर वर्षांचे राज्य राखले. याला कोणी दुबळेपणा म्हणेल. पण ज्या फौजेला मियाँ मंजूने एका पत्राने आणले, तिला चाँदबिबीने एका तहाने परत पाठवले. दोन्ही मुत्सद्देगिरीच, दोन्ही शत्रूशी केलेली बोलणी. एक बोलणे परक्याला आत घेण्यासाठी होते, दुसरे त्याला बाहेर काढण्यासाठी.

मियाँ मंजूचे काय झाले? इब्राहिम आदिलशाहाने त्याला आणि त्याच्या अहमदला विजापुरात बोलावून घेतले. अहमदला उत्पन्न तोडून दिले आणि मंजूला आपल्या सरदारांत सामावून घेतले. एक दावेदार रक्त न सांडता दूर झाला. ही शिष्टाई फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

न आखलेली सीमा

तह झाला, पण वऱ्हाड कोठे संपते हे नीट ठरले नव्हते. मोगलांनी पाथरीचा भाग व्यापला. दख्खनचे म्हणणे असे की पाथरी वऱ्हाडात नाही. आज पाथरी परभणी जिल्ह्यात आहे. एका परगण्यावरून तंटा वाढला आणि 1597 च्या प्रारंभी गोदावरीकाठी विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्र फौजेची खानखान्याशी घनघोर लढाई झाली. मोगल जिंकले, मोगलांच्या बाजूने लढताना खानदेशचा राजा अलीखान मारला गेला. फौज परत पाठवणारा कागद जेथे मोघम असतो, तेथूनच ती पुन्हा आत येते.

घरातही तेच चालू होते. चाँदबिबीने मुहम्मदखानाला पेशवा केले, तर त्याने तिलाच बाजूला सारले. तिने विजापूरची मदत मागितली, तेव्हा मुहम्मदखानाने वऱ्हाडात बसलेल्या खानखान्याला पत्र पाठवले. म्हणजे मियाँ मंजूचे पत्र एका वर्षात दुसऱ्याने पुन्हा लिहिले! किल्ल्यातल्या लोकांनीच त्याला पकडून तिच्या हवाली केले. त्याच्या जागी आलेल्या अभंगखानाने तिचे ऐकले नाही आणि मोगलांच्या ताब्यातल्या बीडला वेढा घातला. चाँदबिबी राखीत होती तो तह तिच्याच पेशव्याने मोडला.

'मोगलांना मिळाली!'

1599 मध्ये मुराद वारला आणि दख्खनची व्यवस्था पाहण्यास अबुल फझल आला. त्याने आपल्या इतिहासात लिहिले आहे की चाँदबिबीने त्याच्याशी करार केला होता: अभंगखानाचा बंदोबस्त व्हावा, आपल्याला बीडची जहागीर मिळावी, म्हणजे किल्ला स्वाधीन करू. ही मोगल बाजूने सांगितलेली हकीगत आहे, हे ध्यानात ठेवून वाचावी. पण ती बोलणी करीत होती, यात शंका नाही.

1600 मध्ये शहजादा दानियाल आणि खानखाना यांनी पुन्हा वेढा घातला. स्वतः अकबर बुऱ्हाणपुरापर्यंत आला होता. अभंगखान घाट अडवायला गेला आणि न लढताच जुन्नरकडे निघून गेला. विजापूरची फौज या वेळी येत नव्हती. चाँदबिबीने किल्ल्यातला अधिकारी हमीदखान याला विश्वासात घेऊन विचारले की, आता किल्ला देऊन लोकांचे प्राण वाचवावेत आणि लहान राजाला घेऊन जुन्नरला जावे, हे बरे नव्हे का? हमीदखान तसाच रस्त्यावर धावत सुटला आणि ओरडू लागला की, चाँद सुलताना मोगलांना मिळाली! जमाव उसळला, तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारले. ती पन्नाशीच्या घरात होती.

तिला मारल्याने किल्ला वाचला का? थोड्याच दिवसांत, ऑगस्ट 1600 मध्ये, मोगलांनी सुरुंगांनी तट उडवला आणि किल्ला घेतला. आत मोठी कत्तल झाली. बहादूर निजामशाहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. ती जे मागणार होती ते दोनच, शिपायांचे प्राण आणि लहान राजाचे स्वातंत्र्य. ज्यांनी तिला मारले, त्यांनी हे दोन्ही गमावले.

चार वर्षांपूर्वी खिंडारात तिच्या पाठीशी उभे राहिलेले हात आणि तिच्यावर चाललेले हात एकाच किल्ल्यातले होते. तलवार धरलेली चाँदबिबी त्यांना कळली. कागद पुढे ठेवणारी चाँदबिबी कळली नाही.

शेवट कागदावरच

किल्ला पडला म्हणून राज्य संपले नाही. एकेकाळी अभंगखानाच्या पदरी असलेल्या मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला परांड्यास गादीवर बसवले आणि 1610 मध्ये अहमदनगर परत मिळवले. अंबर हा गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध. पण त्याने तहही केले. 1616 मध्ये त्याचा पराभव झाला, तेव्हा 1617 मध्ये विजापूरच्या मध्यस्थीने शहजादा खुर्रमशी तह झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांना परत दिला गेला. 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल-विजापूरच्या फौजेचा धुव्वा उडवला. अखेर निजामशाही संपली ती 1636 मध्ये. शहाजहान आणि विजापूर यांनी आपसात तह करून तिचा मुलूख वाटून घेतला आणि माहुलीच्या किल्ल्यातून तिची धुरा वाहणाऱ्या शहाजीराजांना शेवटी माघार घ्यावी लागली. ज्या विजापूरच्या नात्यावर चाँदबिबीने 1596 चा किल्ला राखला, ते विजापूर समोरच्या बाजूला गेले तेव्हा राज्य बुडाले.

या किल्ल्याने तोच खेळ पुन्हा एकदा पाहिला. ऑक्टोबर 1802 मध्ये होळकरांनी पुणे घेतले, दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इंग्रजांशी तह केला: फौज द्या, गादी परत मिळवून द्या. मे 1803 मध्ये त्याला पुण्यात बसवले. यानंतर इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत बोलणी करीत राहिला. तो छावणी सोडून निघताच युद्ध पुकारले गेले आणि पहिला घाव बसला तो शिंद्यांच्या ताब्यातल्या अहमदनगरवर. आर्थर वेलस्लीने 8 ऑगस्टला पेठ आणि 12 ऑगस्टला किल्ला घेतला. पंधरा वर्षांत पेशवाई संपली. मियाँ मंजूचे पत्र फारसीत होते, वसईचा तह इंग्रजांशी होता, अर्थ एकच.

आपल्या काळाकडे पाहताना

ही केवळ जुनी गोष्ट नाही. 1839 मध्ये इंग्रजांनी लुधियान्यात आश्रयाला असलेल्या शाह शुजाला फौजेच्या बळावर काबूलच्या गादीवर बसवले. बुऱ्हाणला जे कळले होते ते शुजाला कळले नाही. 1842 मध्ये परतणारी इंग्रज फौज जवळजवळ सारी कापली गेली आणि शुजाही मारला गेला. 2003 मध्ये इराकवर स्वारी झाली, तिच्याआधी परागंदा इराकी नेते अमेरिकेला माहिती पुरवीत होते. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेत संहारक शस्त्रांचे पुरावे मांडले. ती शस्त्रे कधीच सापडली नाहीत. फैजी निदान जे पाहिले ते लिहीत होता.

आपल्या देशालाही हा धडा महागात पडला आहे. 29 जुलै 1987 रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपले शांतिसैन्य तेथे गेले. जे तमिळ वाघ शस्त्रे खाली ठेवणार होते, त्यांची त्या करारावर सही नव्हती. 1990 मध्ये सैन्य परत आले, तोवर आपले हजारावर जवान कामी आले होते. 2020 मध्ये दोह्याला अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला, तेव्हा काबूलचे सरकार त्या बैठकीत नव्हते. ऑगस्ट 2021 मध्ये ते कोसळले. ज्यांच्या मुलखाचा निर्णय होतो, तेच बैठकीत नसले की तह टिकत नाही. 1596 च्या तहात निदान अहमदनगरची बाजू अहमदनगरच्याच बाईने मांडली होती.

फौज येते ती वकिलाच्या पाठोपाठ आणि फौज जाते तीही वकिलाच्या पुढाकाराने. म्हणून शत्रूशी कोण बोलला, एवढे विचारून भागत नाही. कशासाठी बोलला, कोणाच्या वतीने बोलला, काय दिले आणि काय राखले, हे विचारावे लागते. अहमदनगरच्या किल्ल्यात 1600 साली हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. एक माणूस रस्त्यावर ओरडला आणि तेवढे पुरेसे झाले.

'मिळाली' हा शब्द फार जुना आहे. समेटाची, शहाणपणाची भाषा बोलणाऱ्याला तो आजही चिकटवला जातो. दुसऱ्यांकडून चिकटवला जातो आणि आपल्या मोहल्ल्यातही चिकटवला जातो. आपण मराठी मुसलमान हा शब्द अंगावर झेलत आलो आहोत, म्हणून तो दुसऱ्यावर फेकण्यापूर्वी तरी आपण थांबले पाहिजे. आपल्यातला जो कोणी उठून म्हणतो की बसून बोलू, तो मियाँ मंजू आहे की चाँदबिबी, एवढे पाहण्याइतका धीर आपल्यात हवा.

1942 ते 1945 या काळात याच किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत होते; बाहेर जाऊ न शकणारी पत्रे ते लिहीत राहिले आणि पुढे ती पुस्तकरूपाने जगासमोर आली. पत्रांनी हा किल्ला गमावला, पत्रांनी तो राखला आणि पत्रांनीच त्याला उर्दू साहित्यात अमर केले. पुढच्या वेळी मुलांना घेऊन डोंगरावरच्या त्या अष्टकोनी इमारतीकडे जाल, तेव्हा सांगा की ही कबर सलाबतखानाची आहे. आणि चाँदबिबीच्या तलवारीची गोष्ट जरूर सांगा; पण ती खिंडाराशी थांबवू नका, तहापर्यंत न्या आणि तिच्या खुनापर्यंतही न्या.